नेपाळच्या सुवार्ता दौऱ्याला निघण्यापूर्वी: यजमानांच्या रीतीभातीचा मान कसा राखावा?

नगरची लेक

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातील अकरा मुले-मुली येत्या नोव्हेंबरमध्ये दहा दिवसांच्या सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या) दौऱ्यावर नेपाळला जाणार आहेत आणि त्यांची तयारी करून घेण्याची जबाबदारी पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवली आहे. गाणी, नाटिका, औषधांची पेटी, गोरखपूरपर्यंतची रेल्वेची तिकिटे यांची चर्चा दोन महिने उत्साहाने चालू आहे. परंतु ज्यांच्या घरी आपण उतरणार त्यांच्या चालीरीतींचा विषय काढला की "ताई, नेपाळ म्हणजे आपल्यासारखेच की" असे उत्तर मिळते. व्हिसा लागत नाही, देवनागरी वाचता येते, दोन्ही वेळा डाळ-भात मिळतो, हे सगळे खरे आहे. मला मात्र याच आपलेपणाची धास्ती वाटते, कारण परक्या मुलखात माणूस पाऊल जपून टाकतो आणि ओळखीच्या वाटणाऱ्या मुलखात बेसावध राहतो. म्हणून मला जे ठाऊक आहे ते येथे लिहीत आहे. इतरांनीही आपले अनुभव सांगावेत.

पाहुणा होणे आणि यजमान होणे, या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले आणि पुढे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी एका लहान मंडळीत मी वाढले. माझ्या लहानपणी हिवाळ्यात कधीमधी परदेशी पाहुण्यांचा गट येत असे. एका वर्षी त्यांनी आमच्या शाळेच्या भिंती रंगवायचे ठरवले. त्या भिंतींना दरवर्षी नाताळाच्या आधी गावातील तरुण चुना देत असत. आदल्या रात्री पिंपात चुना भिजवायचा, सकाळी तो फडक्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि केरसुणीच्या कुंच्याने भिंती पांढऱ्याशुभ्र करायच्या, हा त्यांचा मानाचा दिवस होता. त्या वर्षी चुना भिजलाच नाही. पाहुण्यांनी डब्यातला पिवळा तैलरंग लावला, छायाचित्रे काढली, सर्वांना मिठ्या मारल्या आणि ते निघून गेले. पुढच्या पावसाळ्यात ओल येऊन त्या रंगाचे पोपडे निघाले आणि उरलेल्या रंगावर चुना काही धरेना. पाहुण्यांचा हेतू वाईट होता असे गावात कोणीही म्हणाले नाही. त्यांनी कोणाला विचारले नव्हते, एवढेच.

त्याच खेपेस त्यांच्यातील एक बाई आमच्या घरी आल्या. आजीने राखेने घासून लख्ख केलेल्या तांब्यातून त्यांना पाणी दिले. त्यांनी हसून हाताने नकाराची खूण केली आणि पिशवीतून बाटली काढून त्या स्वतःचे पाणी प्यायल्या. पोट बिघडण्याची त्यांची भीती रास्त होती, हे मला आज समजते. पण ज्या घरातील माणसांना एके काळी गावच्या विहिरीवर चढू दिले जात नसे, त्या घरात आपल्या हातचे पाणी कोणी नाकारले याचा अर्थ एकच होतो. आजी त्यावर कधी बोलली नाही. तिने तो तांब्या उचलून आत नेला, एवढे मला आठवते. पुढच्या वर्षी आलेल्या गटात एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी उंबऱ्यातूनच मोडक्या मराठीत "चहा मिळेल का?" असे विचारले. चहा उकळलेला असतो, त्यामुळे त्यांच्या पोटाचीही काळजी मिटली आणि आजीच्या हातचेही त्यांच्या पोटात गेले. आमच्या मुलांना मी हीच गोष्ट पहिल्या बैठकीत सांगितली.

आता नेपाळविषयी. तेथे पिढ्यान्पिढ्या आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि म्हणून बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारी भरते. २०१५ च्या २५ एप्रिलला दुपारच्या सुमारास मोठा भूकंप झाला, तो दिवस शनिवारच होता आणि अनेक ठिकाणी मंडळी उपासनेला बसलेली होती. आमच्या एका मुलाने "रविवारी उपासना का नाही?" असा प्रश्न यजमानांना पाठवावा असे सुचवले होते, तो प्रश्न मी थांबवला. उपासनेत चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात, बहुतेक खेड्यांत स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, आणि भेटल्यावर दोन्ही हात जोडून "जय मसीह" म्हणतात. कोणतीही वस्तू देता-घेताना उजवा हात किंवा दोन्ही हात पुढे करावेत. आपल्याकडे जसे उष्टे, तसे त्यांच्याकडे जुठो. आपल्या ताटातला घास दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये आणि यजमानीण बोलावल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नये. गाय तेथील राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्येला शिक्षा आहे, त्यामुळे त्या विषयावरील थट्टासुद्धा नको.

याहून मोठी बाब कायद्याची आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेच्या २६ व्या कलमाने आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढले जाते. आपण भारतीयही तेथे परदेशीच आहोत. हा कायदा योग्य की अयोग्य यावर माझे मत आहे, पण तो वाद मी नगरमध्ये सुरक्षित बसून घालू शकते. आपण परत आल्यावर ज्यांच्या दारात पोलीस येतात ती माणसे तेथेच राहतात.

हे मी ऐकीव लिहीत नाही. २०१९ मध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा नदीकाठी एका कुटुंबाचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी दिवस आधीच ठरवलेला होता, आम्ही केवळ हजर होतो. पाण्यातून वर येणाऱ्या त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी छायाचित्र काढले आणि त्याच रात्री आमच्या संघाच्या फेसबुक पानावर गावाच्या नावासह टाकले. तीन दिवसांनी यजमान पाळकांचा फोन आला. त्या कुटुंबाने थोरल्या भावाला अजून काही सांगितले नव्हते. ते छायाचित्र फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचले होते आणि पाळकांना चौकीवर दोनदा जबाब द्यावा लागला होता. मी छायाचित्र लगेच काढून टाकले, क्षमा मागितली आणि त्यांनी क्षमा केलीही. ते कुटुंब मात्र त्यानंतर कित्येक महिने उपासनेला आले नाही. या धाग्यात मी गावाचे नाव लिहिलेले नाही, त्याचे कारण हेच.

माझे मत असे झाले आहे की चालीरीतींची यादी पाठ करणे हा आदराचा सोपा भाग आहे. खरा आदर म्हणजे काय करायचे, कधी करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, याचा निर्णय यजमान मंडळीच्या हाती देणे आणि तो आपल्याला आवडला नाही तरी पाळणे.

तापीकाठ

ताई, आपण फार आवश्यक विषय मांडला आहे. मी ख्रिस्ती आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात आरोग्य शिबिरांसाठी अनेक वर्षे जात आहे. आपल्या औषधांच्या पेटीविषयी दोन शब्द लिहितो.

आमच्या सुरुवातीच्या शिबिरांत नावनोंदणीच्या टेबलावर बसलेला स्वयंसेवक प्रत्येक रुग्णाला "आपल्यासाठी प्रार्थना करू का?" असे विचारत असे. ऐकायला हा प्रश्न नम्र वाटतो. पण जी बाई तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन डोंगर उतरून दोन तास चालत आली आहे, ती त्या टेबलासमोर नाही कशी म्हणणार? औषध पलीकडच्या टेबलावर आहे आणि प्रार्थनेला नकार दिला तर ते मिळेल की नाही, हे तिला ठाऊक नसते. आमच्यासोबत असलेल्या एका पावरा आदिवासी परिचारिकेने हे लक्षात आणून दिले तेव्हा आम्हा सर्वांना फार वाईट वाटले. तेव्हापासून प्रार्थनेची जागा वेगळी आहे, औषध हातात पडल्यानंतरची आहे आणि जो स्वतः विचारील त्याच्यासाठीच आहे. तिकडे येणारे लोक कमी झाले, परंतु जे येतात ते मनापासून येतात.

आणखी एक विनंती आहे. तरुण संघातील मुलांना रक्तदाब मोजायला किंवा इंजेक्शन द्यायला बसवू नका. जे काम त्यांना नगरच्या दवाखान्यात कोणी करू देणार नाही, ते नेपाळी माणसाच्या अंगावर शिकणे हा अनादरच आहे. भाषेबद्दल म्हणाल तर पावरीतील वीस वाक्यांनी माझे जेवढे काम केले तेवढे दुभाष्याने केले नाही; आपल्या मुलांना नेपाळी त्याहून सोपी जाईल.

श्रावणसरी

मी हिंदू आहे आणि या चर्चेत लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार करून लिहीत आहे. आपण लिहिलेले प्रामाणिक वाटले, म्हणूनच स्पष्ट बोलते.

आमच्या गावी काही वर्षांपूर्वी बाहेरून एक गट आला होता. त्यांनी वाटलेल्या पत्रकात आमच्या कुलदैवताला सैतान म्हटले होते. माझी आजी रोज पहाटे देव्हाऱ्यापुढे बसून ज्याच्याशी बोलत असे, ज्याच्या भरवशावर तिने वैधव्याची चाळीस वर्षे काढली, त्याला एका अनोळखी माणसाने छापील कागदावर सैतान म्हणावे, हे मी विसरू शकत नाही. गावात जी चार ख्रिस्ती घरे पूर्वीपासून सलोख्याने नांदत होती, त्यांच्याशीही लोकांचे बोलणे तुटले, वास्तविक त्यांचा त्यात काही संबंध नव्हता. चपला काढणे, हात जोडणे, दोन्ही हातांनी वस्तू देणे या सगळ्याला माझ्या लेखी तेव्हाच अर्थ आहे, जेव्हा आपण समोरच्याच्या श्रद्धेविषयी त्याच्या पाठीमागेही नीट बोलता. आपल्या मुलांना याबद्दल काय सांगितले आहे?

नगरची लेक

श्रावणसरीताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तसे पत्रक मी पाहिले असते तर मलाही लाज वाटली असती, आणि त्या चार घरांचे दुःख तर मी चांगलेच समजू शकते.

माझा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि तो मी लपवणार नाही. कोणी विचारले तर माझी साक्ष मी आनंदाने देईन. पण माझी साक्ष माझ्या जीवनाविषयी असते. दुसऱ्याच्या देवाविषयी निकाल देण्यासाठी मला कोणी बोलावलेले नाही. या बाबतीत मला आमच्याच घराण्यातले उदाहरण द्यावेसे वाटते. घराणे म्हणजे मराठी ख्रिस्ती समाज. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या आघाताचे काय परिणाम झाले ते मराठी वाचकांना माहीत आहे. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे-ओवळे, त्यांचे वेगळे पाणी चालूच होते आणि टिळकांनी ते चालू दिले. त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. एका घरात, पतीने, पत्नीसाठी पाच वर्षे वाट पाहिली. आपण दहा दिवसांच्या दौऱ्यात निकालाची घाई करतो, हे कोणत्या तोंडाने? त्याच टिळकांनी ओवी-अभंगांत ख्रिस्त गायला आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, कारण येथील भक्ती येथील रीतीने व्हावी अशी त्यांची तळमळ होती.

आपला प्रश्न मात्र रास्त आहे, कारण मुलांशी मी हे आतापर्यंत उघडपणे बोलले नव्हते. मुलांच्या नाटिकेत मूर्ती फोडण्याचा एक प्रसंग होता. आपला प्रतिसाद वाचल्यावर काल मी तो काढायला लावला. दोन मुलांनी वाद घातला, त्यांना मी आपण लिहिलेले जसेच्या तसे वाचून दाखवले.

साष्टीकर

मी गोव्याचा कॅथलिक आहे. आमच्याकडे या विषयाची जखम जुनी आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) कोंकणी बोलण्यावर बंदी घालणारा हुकूम काढला आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात लग्नातील ओव्या-गाण्यांपासून धोतर आणि चोळीपर्यंत कशाकशावर बंदी घातली होती. आश्चर्य असे की त्याच गोव्यात, राशोलला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले होते, तेही अस्सल मराठी ओव्यांत. एकाच श्रद्धेची माणसे, एकाच भूमीत, एक लोकांची भाषा शिकून तिच्यावर जीव लावतो आणि दुसरा तीच भाषा मोडायला निघतो. आमच्या पूर्वजांनी लग्नातील रोस (वधू-वराला नारळाचा रस लावण्याचा विधी) आणि गाणी घराच्या आत जपली म्हणून ती आज उरली आहेत. जी गोष्ट समजत नाही ती चुकीची आहे असे आपल्या मुलांनी पहिल्या दिवशी ठरवू नये, एवढेच सांगतो.

डॅलसवासी

धागा वाचून एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. येथे टेक्सासमध्ये माझ्या ओळखीची कितीतरी कुटुंबे सुट्टीत मध्य अमेरिकेत घरे बांधायला जातात. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली, त्यानंतर तेथे बांधलेल्या घरांचा कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला. उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांचा प्रवासखर्च धरून एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर लागत होते आणि तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. गावातील गवंडी बिनकामाचे बसलेले असताना बाहेरून आलेल्या हौशी हातांनी भिंती रचाव्यात, यात आदर कोठे आहे? आपल्या अकरा तिकिटांचे पैसे त्या मंडळीला पाठवले तर ते अधिक बरे होणार नाही का? मी हे टोचून विचारत नाही. माझी मुलगीही पुढच्या वर्षी अशाच दौऱ्याला जाण्याचा हट्ट धरून बसली आहे.

तापीकाठ

डॅलसवासी, नुसते पैसे पाठवण्यातही एक गोष्ट हरवते. आमच्या डोंगरातील लोक म्हणतात की पैसे देणारे पुष्कळ येतात, बसून बोलणारे येत नाहीत. पण आपला प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि त्याचे उत्तर आपण कोणीही देण्यापेक्षा नेपाळच्या मंडळीनेच द्यावे.

नगरची लेक

दोघांचेही म्हणणे पटले, आणि सुरुवातीला मीच लिहिलेले मत मला स्वतःला लागू करावे लागले. गेल्या आठवड्यात मी यजमान पाळकांना सविस्तर लिहिले. आम्ही यावे की तिकिटांचे पैसे पाठवावेत, यायचे तर किती जणांनी, आणि येऊन काय करावे, असे सरळ विचारले. सोबत हेही लिहिले की "येऊ नका" असे उत्तर आले तरी आपल्यातील प्रेमात कमतरता येणार नाही. नेपाळी माणूस पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाही, म्हणून हे वाक्य मुद्दाम घातले.

पत्र पाठवताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. नेपाळचे दरवाजे बाहेरच्यांसाठी बंद होते, त्या काळात दार्जिलिंगला राहून गंगाप्रसाद प्रधानांनी नेपाळी बायबलचे काम तडीस नेले आणि ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ या ख्रिस्ती संस्थेला प्रवेश मिळाला तो दवाखाने आणि शाळा चालवण्यासाठी, धर्मप्रचार करणार नाही या अटीवर, आणि ती अट त्यांनी मान्य केली. तेथील मंडळी वाढली ती नेपाळी माणसांनी, तुरुंगवास सोसून वाढवली. त्यांना सुवार्ता सांगायला निघालेली आमची अकरा मुले कोण, असे मला पहिल्यांदाच वाटले.

परवा उत्तर आले. त्यांच्या परवानगीने सारांश लिहिते. अकरा जणांना उतरवायला त्यांच्याकडे घरे नाहीत. पाच जणांनी यावे, पण दहाऐवजी अठरा दिवस राहावे. हे दिवस भातकापणीचे आहेत, त्यामुळे सकाळी शेतात मदत होईल आणि बोलणे तेथेच होईल. रस्त्यावर नाटिका नको, ध्वनिक्षेपक नको, पत्रके नकोत. औषधांच्या पेटीऐवजी गावाच्या आरोग्य चौकीत कशाची उणीव आहे ते तेथील परिचारिकेला विचारून सांगतील. मुलांना चॉकलेट वाटू नका, मागच्या वेळी त्यावरून भांडणे झाली होती, असेही त्यांनी सौम्यपणे लिहिले आहे. मागच्या वेळी चॉकलेट वाटणारे आम्हीच होतो.

आणि एक मागणी आहे. मागच्या खेपेस आम्ही टाळांवर टिळकांचा एक अभंग म्हटला होता, तो तेथील तरुणांना आवडला होता. टाळांचे दोन जोड घेऊन या, ते कसे धरायचे ते शिकवा, आम्ही तुम्हाला मादल (नेपाळी ढोलकी) वाजवायला शिकवू, असे त्यांनी लिहिले आहे.

काल संध्याकाळी हे पत्र मी मुलांना वाचून दाखवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ज्या मुलाने रविवारच्या उपासनेचा प्रश्न काढला होता, त्यानेच सर्वांत आधी आपले नाव मागे घेतले. आता सहा जणांची तिकिटे रद्द करायची आहेत आणि परत मिळणारे पैसे आरोग्य चौकीच्या यादीसाठी बाजूला ठेवायचे आहेत. टाळ आमच्याकडे एकच जोड आहे; दुसरा आणायला शनिवारी कापडबाजारात जाणार आहोत.